दोन ठोके, एक ठोका

वरच्या पॉइंटला उद्या जाणार म्हणतेस, तर खुशाल जा. नदी तलावात शिरताना तिथून जशी दिसते, तशी दुसरीकडून कुठूनच दिसत नाही. फक्त एक ऐक पोरी, धुकं उतरलं आणि दगडावर काठी ठोकल्याचा आवाज आला, तर आधी बघ की तुझ्या पुढे खरंच कोणी चालतंय का. हसू नकोस. तो दिवा जरा मोठा कर, सांगते.

तलावाभोवतीच्या पायवाटा सांभाळणं हे आमच्या घरचं काम. कठडे तपासायचे, पडलेली झाडं बाजूला ओढायची, दगडांवरचे बाण पुन्हा रंगवायचे. आधी हे माझा थोरला भाऊ, दादा, आणि माझा नवरा करायचे. दोघे लहानपणापासूनचे जिवलग, आमचं लग्नही दादानेच जमवलं. त्यांची एक पद्धत होती. धुक्यात हाक विरून जाते, पण काठीच्या लोखंडी टोकाचा ठोका खणखणीत पोचतो. म्हणून पुढच्याने प्रत्येक वळणावर दोनदा ठोकायचं, म्हणजे ‘मी इथे आहे, ये’. मागच्याने एकदा ठोकायचं, म्हणजे ‘आलो’. तो एक ठोका ऐकू येईपर्यंत पुढच्याने मागच्याला सोडून जायचं नाही.

एका वर्षी दादा धुक्यात वरच्या पॉइंटवरून खाली पाण्यात पडला. तो सापडला, त्याची काठी नाही सापडली. नवरा घरी येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, “ठोका न देताच पुढे धावला गं तो. मी वाट बघत राहिलो.” आणि मी बावळट, त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून गेलेल्या भावाला बोल लावले. एवढी कसली घाई होती रे मेल्या तुला, असं म्हणाले. आईही तेच म्हणत झुरत राहिली.

पुढच्या हंगामाआधी मी नवऱ्याबरोबर जायला लागले. त्या दिवशी भर दुपारी लख्ख ऊन होतं. तो पुढे, मी रंगाचा डबा घेऊन मागे. “तुझे बाण बघून लोक मासे समजून गळ टाकतील,” तो म्हणाला. “मग तूच काढ, चित्रकार!” मी म्हटलं. हसत हसत तो वळणाआड गेला.

तेवढ्यात तलावावरून धुकं चढलं. आधी पाणी दिसेनासं झालं, मग समोरचा काठ, मग हातातला ब्रशसुद्धा. पाखरं गप्प झाली. ओल्या दगडांचा वास नाकात भरला. डावीकडे सरळ कडा होता, म्हणून मी जागची हलले नाही. ठोक्याची वाट पाहिली. ठोका येईना.

“अरे... कुठे आहेस?”

काही नाही. आणि मग, पुढून, ठक ठक.

जीव भांड्यात पडला बघ! मी काठी एकदा ठोकली आणि निघाले. पुढच्या वळणावर पुन्हा ठक ठक. किती जपून नेतोय मला, असं वाटून डोळे भरून आले. मधेच जवसाच्या तेलाचा वास आला. दादा काठीला ते तेल चोळायचा. यानेही चोळलं असेल, मी मनाशी म्हटलं. अरुंद जागी ठोका इतका जवळ पडला की पायाखालचा दगड थरारला. मी बाही धरायला हात पुढे केला. हाताला नुसता गारवा लागला.

“थांब ना जरा... हात दे...”

ठक ठक.

असं करत मी खाली गाडीपाशी पोचले. गाडीचं इंजिन चालू होतं, काचा वर होत्या आणि आत माझा नवरा बसला होता. त्याची काठी मागच्या सीटवर होती, टोकावरची कापडी पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. मी काचेवर थाप मारली, तसं त्याने दार उघडून मला आत ओढलं आणि पुन्हा लॉक केलं.

“तू... तू कशी आलीस?”

“तुझ्या ठोक्यांवर. कशी म्हणजे?”

“मी धुकं आलं तसा खालीच आलो...” तो पुटपुटला. “मी नाही ठोकलं.”

तेवढ्यात गाडीच्या टपावर वाजलं. ठक ठक. थोडा वेळ शांतता. पुन्हा ठक ठक.

नवऱ्याने दोन्ही कान दाबले. “उत्तर देऊ नकोस... तेव्हाही असाच ठोकत होता तो. मी इथेच बसलो होतो. वाटलं, येईल मागोमाग. मग ठोके वर वर जायला लागले... मलाच शोधत होता गं तो.”

“आणि मला सांगितलंस, तो घाईने गेला?”

ज्या खांद्यावर मी वर्षभर रडले, त्या खांद्याची मला किळस आली. मी काचेवर बोटाने एकदा ठोकलं. “आले दादा,” म्हटलं आणि दार उघडून उतरले. टपावर कोणी नव्हतं. तशीच माहेरी चालत गेले, आणि आईला सगळं सांगितलं.

पुढे एकदा माझे कपडे आणायला त्याच्या घरी गेले होते. तो पार खंगला होता. “माझ्या वतीने तू एकदा दे ना उत्तर...” तो म्हणाला.

“ते तुझं काम आहे,” मी म्हटलं.

निघताना दार ओढून घेण्याआधी माझं लक्ष गेलं. लाकडात लोखंडी टोकाचे खड्डे पडले होते, जोडीजोडीने, वरपासून खालपर्यंत. एकटा खड्डा कुठेच नव्हता. आणि ते सगळे दाराच्या आतल्या बाजूला होते.