कड्यावरचे सात दगड

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं, की चहा केव्हाचा उकळतोय.

ती नकाशे काढणारी. पर्यटक चुकूनही फिरकत नाहीत अशा या डोंगरमाथ्यावरच्या गावात पायवाटा टिपायला आलेली, दोन दिवसांसाठी. आज पाचवा दिवस. तो हवामानाच्या नोंदी ठेवणारा. त्याच्याच घरातली पाहुण्यांची खोली तिला मिळाली होती. रोज सकाळी खिडकीतून तो समोरच्या कड्यावरचे चुना फासलेले सात दगड मोजायचा आणि आकडा खाली डेपोला कळवायचा. चारपेक्षा कमी दिसले, की धुकं दाट. बस वर येत नसे.

आजची बस तिच्या एकटीसाठीच येणार होती. पिशवी दाराशी तयार होती, आणि त्याची सहा वर्षांची पुतणी तिच्यावर रुसून खिडकीत बसली होती.

त्याने फोन लावला. "तीन," म्हणाला आणि झटकन ठेवून दिला.

तिने बाहेर पाहिलं. कोवळं ऊन, लख्ख कडा...

"अहो, मला तर सात दिसताहेत."

"तुमची नजर तेज आहे."

"आणि तुमची?"

"माझी... तुम्ही आल्यापासून ठिकाणावर नाही."

तिला हसू आवरेना. "म्हणजे कालचं धुकंसुद्धा—"

"कालचं खरं होतं, शप्पथ! परवा मात्र... दोन दगड मी गिळले." त्याचे कान लालबुंद झाले. "नऊ वर्षांत एक आकडा खोटा दिला नव्हता हो."

फोन खणाणला. डेपोवाल्याचा आवाज तिलाही ऐकू आला, "साहेब, खाली तर चक्क ऊन पडलंय! नीट मोजा बघू पुन्हा."

त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. सात म्हणालात, तर... पिशवी मी स्वतः बसपर्यंत आणून देईन."

खाली शहरात तिची खोली होती, टेबल होतं, एकटीपुरता चहा होता. इथे किटली उतू जात होती आणि हा वेडा श्वास रोखून उभा होता.

"तीन," ती म्हणाली. "तेही जेमतेम. आणि उद्याचंही काही खरं दिसत नाही हो."

तो असा काही हसला, की तिला कुठे बघावं कळेना.

खिडकीत पुतणीने बोटांवर एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. रुसवा विसरून ती वळली.

"मावशी, मग बाकीचे चार कुठे गेले?"