सिनेटमधली रिकामी खुर्ची

धुक्यातून आधी बोटीने, मग बसने आलेली एडा बील राज्याच्या राजधानीत, ऑगस्टाच्या विधानभवनात धावत शिरली, ती थेट एका तरुणाच्या कॉफीवरच आदळली.

"माफ करा हं… सिनेटची गॅलरी कुठे आहे?"

"वरच्या मजल्यावर. नेतो ना," तो शर्ट झटकत म्हणाला. "मी रेमी पेलेटिए. सिनेटर लिबीबाईंचा सहायक."

एडा हेरन बेटावर शिक्षिका होती. शाळेत मुलं पाच. लहान शाळा चालू ठेवण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं, पण खर्च परवडणार नाही म्हणून गव्हर्नरांनी ते नाकारलं.

"ते नाही म्हणाले, म्हणजे संपलंच ना?"

"मग तुम्ही आलात कशाला?"

"मुलांनी विचारलं, पुढे काय होतं? मला सांगता येईना."

रेमी हसला. "नाकारलेलं विधेयक आक्षेपांसकट परत येतं. दोन्ही सभागृहांत हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश जण पुन्हा 'हो' म्हणाले, की गव्हर्नरांच्या सहीवाचून कायदा होतो. खालच्या सभागृहाचं सकाळीच झालं. सिनेटमध्ये पस्तीस जण… चोवीस मतं हवीत. तुमच्याकडे तेवीस आहेत."

एडा जिन्यातच थांबली. ओठ चावत तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"हजर असलेल्यांपैकी म्हणालात ना? मग चौतीसच असले तर… तेवीस पुरतात?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "पुरतात," तो हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "आणि शाळा बंद झाली तर? कुठे जाल?"

"इथेच. ऑगस्टातल्या एका शाळेत जागा आहे."

"इथेच…" तो पुटपुटला, आणि का कोण जाणे, गॅलरीचा रस्ता सोडून तिला लिबीबाईंच्या खोलीत घेऊन गेला.

बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "मन दुखतं गं पोरी. पण गव्हर्नर माझ्या पक्षाचे. त्यांच्याविरुद्ध मत देणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"विरुद्ध देऊ नका, बाई," रेमी म्हणाला. "मतदानाला जाऊच नका."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे हिच्यासाठी चाललंय वाटतं?"

"हिच्यासाठी नाही. माझ्यासाठी तर नाहीच…" तो अडखळला. "स्वतःचं बघायचं असतं तर मी गप्प बसलो असतो."

एडाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

दुपारी नावं पुकारली गेली. लिबीबाईंची खुर्ची रिकामी होती. 'हो' तेवीस, 'नाही' अकरा. अध्यक्षांनी निकाल वाचला, तेव्हा एडाने शेजारी बसलेल्या रेमीचा हात घट्ट धरला होता, आणि नंतरही तिला तो सोडायचं सुचलं नाही.

बसथांब्यावर धुकं उतरलं होतं.

"गप्प का बसला असतास?" तिने विचारलं. 'तुम्ही' कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही.

"शाळा बंद झाली असती, तर तू इथे राहिली असतीस. आणि मला… ते फार आवडलं असतं."

बस आली. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"बेटावर शनिवारी बोट येते. दुपारी परत जाते."

"आणि चुकली तर?"

"तर सोमवारपर्यंत राहावं लागतं."

"माझ्या बोटी फार चुकतात गं," तो गंभीरपणे म्हणाला.

पहिल्याच शनिवारी त्याने परतीची बोट चुकवली.