नवरीच्या आधी बसणारी

पुढे जे लिहिले आहे ते मी रचलेले नाही. रचण्याइतकी विद्या माझ्यापाशी नाही; सहावीनंतर माझी शाळा सुटली. जे घडले तेवढेच, मला साधेल तितक्या शुद्ध शब्दांत मांडतो.

वार गुरुवार. हिवाळ्याचे दिवस. स्थळ इजिप्तमधील दमियात शहर, नाईलच्या काठावरील एक लग्नाचे सभागृह. वेळ असरच्या नमाजानंतरची, उन्हे कलण्याची.

माझे नाव रागिब. एकतीस वर्षे मी लग्नांचे फोटो काढीत आलो आहे.

या धंद्यातील सर्वांत अवघड गोष्ट कोणती, असे कुणी विचारले तर मी सांगेन, पांढरा पोशाख. कॅमेरा त्या शुभ्रतेला भुलतो. त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो सारेच काळवंडून टाकतो आणि नवरीचा चेहरा अंधारात बुडतो. म्हणून उजेड पोशाखावर नव्हे, चेहऱ्यावर मोजावा लागतो. त्यासाठी वरात येण्यापूर्वी कोशावर, म्हणजे वधूवरांच्या सजवलेल्या आसनावर, कुणीतरी बसावे लागते.

माझ्याकडे ते काम माझी मुलगी हनादी करीत असे.

बाराव्या वर्षापासून. खांद्यावर पांढरी चादर घेऊन ती बसे. मी तिच्या हनुवटीखाली उजेड मोजायचा मीटर धरी, फ्लॅशच्या छत्र्या मागेपुढे सरकवी, फोटो काढून पाही. मीटरवरचा आकडा मात्र तिला स्वतः वाचायचा असे. ती मान पुढे काढून वाके, मीटरवर तिचीच सावली पडे, आणि आकडा घसरे.

"मागे हो गं! सगळा उजेड खाल्लास."

"मग लवकर आटपा ना, बाबा. पाकातलं मिशब्बिक गार होतंय."

"त्या पाकाच्या हातांनी रेशमाला शिवलीस तर तुझं लग्नच लावणार नाही."

"नका लावू. अशी फुकटची नवरी परत कुठे मिळणार तुम्हाला?"

नवरीकडच्या बायका मला टोकत. "स्वतःच्या लेकीला दुसऱ्यांच्या जागी काय बसवतोस? बरं नाही ते," असे म्हणत. मी हसून सोडून देई.

तिच्या त्या फोटोंना आम्ही फोटो मानतच नसू. उजेड जुळला की मी ते पुसून टाकी. दहा वर्षांत हजारो पुसले. "तुझे खरे फोटो तुझ्या लग्नात," असे मी तिला नेहमी सांगे.

तिचे लग्न ईदनंतर ठरले होते.

ईदच्या नऊ दिवस आधी तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी सारे संपले.

भिंतीवर लावण्यास तिचा एक फोटो हवा होता. मी सगळी कार्डे, सगळ्या डिस्क धुंडाळल्या. हजारो नवऱ्या सापडल्या. हनादी सापडली नाही. मोबाईलमध्ये दोन-चार होते, हललेले, पुसट. अखेर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती भेदरलेली दिसते.

माझी पत्नी इन्साफ त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली.

"अर्ध्या दमियातच्या मुली सुंदर केल्यात हो, हनादीचे बाबा," ती म्हणाली. "आपल्या एकीचा चेहरा तेवढा काढायचा राहिला."

चाळीस दिवस मी कॅमेऱ्याला स्पर्श केला नाही.

त्यानंतर आला तो गुरुवार.

सभागृहात मी होतो आणि तेथील वीजकाम पाहणारे वृद्ध फुतूहचाचा होते. ते दाराशी शिडीवर चढून, गुणगुणत, दिव्यांची माळ लावीत होते. तिसरे कुणी नव्हते.

मी छत्र्या उभ्या केल्या. रिकाम्या कोशासमोर हवेतच मीटर धरला. सवयीने... तिची हनुवटी जिथे यायची, त्या उंचीवर.

आकडा कमी आला.

पुन्हा धरला.

पुन्हा कमी.

कुणी मान पुढे काढून वाकावे... तितकाच कमी.

मी सेल बदलले. तोच आकडा.

"चाचा, तिकडचा दिवा मालवलात का?"

"मी कशाला मालवू? चाळीस दिवस घरी बसून तुझेच डोळे गंजलेत, उस्ताद!"

मी एक फोटो काढला. फ्लॅश चमकला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आसन रिकामे होते. परंतु पाठीच्या पांढऱ्या रेशमावर... सावली होती.

डोके. मान. ओढणीची कड.

मी मान वर करून कोशाकडे पाहिले. कुणी नाही. फक्त गादीचे रेशीम मधोमध दबलेले होते. कुणी बसल्यावर दबते, तसे.

फुतूहचाचांचे गुणगुणणे थांबले होते. केव्हा थांबले ते मला कळले नाही.

मला भीती वाटायला हवी होती.

मला घाई झाली.

उजेड जिथे अडतो तिथे काहीतरी असलेच पाहिजे, एवढे या धंद्याने मला शिकवले आहे. आणि अंधारात राहिलेला चेहरा वर आणायचा असेल तर उजेड वाढवावा. मी भिंगाचे तोंड अधिक उघडले. दुसरा फोटो. फ्लॅशचा जोर वाढवला. तिसरा. छत्री जवळ ओढली. चौथा.

पाचव्यात, पडद्यावर, गालाची कड आल्यासारखी वाटली.

सहाव्यात हनुवटी.

आणखी एक, फार तर दोन. मग डोळे येतील. मग भिंतीवरचा तो भेदरलेला चेहरा उतरवता येईल.

आणि बाहेर ढोल वाजले.

वरात आली होती. दारे उघडली, बायकांनी आनंदाचे चित्कार केले, सभागृह माणसांनी भरून गेले. पुढे नवरी रीम, मागे तिची खाला, म्हणजे मावशी.

"अहो उस्ताद!" खाला ओरडली. "नवरी दारात आणि तुम्ही खुर्चीचे फोटो काढताय? लग्न काय खुर्चीचं लागतंय?"

सगळे हसले.

रीम पायऱ्या चढून वर आली. पोशाख सावरून बसणार... तोच थबकली.

"काका," ती हळूच मला म्हणाली, "इथे कुणी बसलंय का?"

"वेडी आहे पोर! भीतीनं पाय गळालेत," खाला म्हणाली. पुन्हा हशा झाला.

रीम हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता.

"जरा थांब, पोरी," एवढेच शब्द मला पुरले असते. एक क्षण. एक फोटो.

परंतु तीही कुणाची तरी लेक होती. तिचाही तो एकच दिवस होता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो...

"ऊठ, बेटा. नवरी आली."

बोलता बोलता बोट दाबले गेले. सातवा फोटो निघाला.

गादीवरची ती खोलगट जागा हळूहळू भरून आली.

रीम बसली. तिने सुटकेचा श्वास सोडला. त्या लग्नाचे फोटो अतिशय उत्तम आले. एकाही चेहऱ्यावर अंधार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी मी ते सात फोटो मोठ्या पडद्यावर उघडले.

सातही कोरे होते.

पांढरे, लख्ख, रिकामे. मी उजेड इतका वाढवला होता की त्यात आसनसुद्धा विरघळून गेले होते. सावली नाही. गाल नाही. पहिल्या फोटोतही काही उरले नव्हते. माझ्या डोळ्यांचा खेळ झाला असावा, असे मी मनाला समजावले आणि ते पुसण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा."

इन्साफ चहा घेऊन मागे उभी होती. तिने पेला खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली.

"हे कधी काढलेत?"

"टाकाऊ आहेत गं ते. उजेड जास्त झाला."

"काहीतरीच काय? तापात होती तशी दिसतही नाही. गाल भरलेत बघा."

तिने पडद्यावर बोट ठेवले. कोऱ्या पांढऱ्यावर. मग तेथून हळूच खाली नेले, कपाळावरून गालावर न्यावे तसे.

ती एकेक फोटो पुढे सरकवीत गेली. कित्येक आठवड्यांनी मी तिला हसताना पाहत होतो.

सातव्या फोटोवर ती थांबली.

तिचे हसू मावळले.

"यात ती उठतेय," ती म्हणाली.

सभागृहात मी काय पुटपुटलो, ते मी कुणालाही सांगितले नव्हते. आजपर्यंत सांगितले नव्हते.

"अहो... तुम्ही तिला उठवलंत?"

मी वाकून पडद्यात पाहिले.

"एवढ्या वर्षांत एकदा तरी नवरी म्हणून बसू द्यायचं होतं हो तिला."

त्यास आता तीन वर्षे झाली. ते सातही फोटो इन्साफने छापून, चौकटीत घालून बैठकीत लावले आहेत. पाहुणे येतात, त्या पांढऱ्या कागदांकडे बघतात, मग आमच्याकडे बघतात आणि दुसरा विषय काढतात. ती रोज त्यांवरची धूळ पुसते. कधी थांबून म्हणते, आज इकडे बघतेय.

मीही रोज त्यांच्यासमोर उभा राहतो. दिवा बदलून पाहतो. खिडकी उघडून, लावून पाहतो. जवळून, लांबून पाहतो.

मला त्यात अजूनही फक्त उजेड दिसतो.