आठवीचा काळाभोर फळा

श्रीपती मास्तर शाळेच्या कोरड्या आडात सापडले. मान मोडलेली, मुठीत खडू.

बहात्तरच्या दुष्काळातली सकाळ. परंड्याहून दगडोबा जमादार आला. हेडमास्तर सिद्रामप्पांनी कमरेची किल्ली काढली, पिंपाचं कुलूप उघडलं, त्याला अर्धा पेला पाणी दिलं. पोरांनाही दिवसाला तेवढंच.

"मास्तर कसा व्हता?" जमादारानं विचारलं.

"उदास. अबोल. त्यात बायको भांडखोर. उडी घेतली, दुसरं काय?"

मास्तरांची बायको जाईबाई दारातच उभी होती. हिनंच नवरा खाल्ला, असं गाव एव्हाना बोलू लागलं होतं.

"जमादारसाहेब, इंग्रजी शिकवताना हे म्हणायचे, माणूस कसा ते विशेषण, त्यानं काम कसं केलं ते क्रियाविशेषण. ह्या हेडगुरुजींनी निस्ती विशेषणं सांगितली. आडात कसं पडले, ते कुणीच सांगंना."

जमादार वर्गांतून फिरला. सगळे फळे वर्षभराच्या खडूनं पांढुरके. आठवीचा तेवढा काळाभोर. त्यानं बोट टेकवलं. गार.

खिडकीतून ऊन फळ्यावर आलं. अन् फळ्यातून इंग्रजी अक्षरं वर येऊ लागली. एकेक. तिरकी.

शिपाई कोंडिबा मागं सरकला. "आई गं! मास्तर लिवायलेत!"

"काय लिवलंय?" जमादाराला इंग्रजी येत नव्हतं.

"व्याकरण," सिद्रामप्पा घाईनं म्हणाले.

"तुमाला न्हाय इचारलं."

जाईबाईनं वाचलं. बौद्धवाड्यातली बाई इंग्रजी वाचील, हे हेडमास्तरांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"हेडमास्तर शाळेचं पाणी चोरून विकतात. 'चोरून'खाली रेघ मारलीय."

जमादार वळला. "भूतबित काय न्हाय. ओल्या फडक्यानं पुसलं की फळा काळा दिसतो, वाळला की अक्षर परत येतं. सालभर हितं पोरांच्या घशाला पाणी न्हाय, मग फळ्याला कुणी लावलं? पिंपाची किल्ली एकाच कमरेला. फळा आजून ओला व्हता, म्हंजी प्रेत सापडल्यावर पुसला. कोंडिबा, तू मला बोलवाय आलास तवा शाळंत कोण व्हतं?"

"एकले गुरुजी."

"गुरुजी, कसं ढकललं?"

सिद्रामप्पांनी कमरेची किल्ली मुठीत झाकली. "काल शाळा सुटल्यावर... आडापाशी गाठलं मला. कलेक्टरला लिहितो म्हणाला. हळूच... हळूच हात लावला हो मी."

जाईबाईनं जमादाराकडून नवऱ्याच्या मुठीतला खडू मागून घेतला. त्या वाक्याखाली इंग्रजीतच दुसरं वाक्य लिहिलं. 'हळूच'खाली रेघ मारली.

कोंडिबानं डोळे मिटून घेतले. अक्षरं तिरकी होती. हुबेहूब मास्तरांची.