तिसऱ्या हाकेची हजेरी

मंगळवारी चंदाकाकूनं पहिल्याच हाकेला ओ दिली. खरं तर सुचितानं हातातला पेन तिथंच खाली ठेवायला हवा होता. पण आज नेटवर्क चांगलं दिसतंय, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनं चंदाच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

हजेरीची वेळ दुपारी एकची. जऊळक्याच्या स्टेशनामागं, खताच्या दुकानावर एक खोली होती. तेच ‘हातभार मंडळा’चं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. मालगाडी गेली की त्या कपाटाची दारं खडखडायची, आणि दोन वर्षं झाली तरी दर गाडीला सुचिता दचकायची. समाजकार्याची पदवी घेतलेली पोरगी, पण मागून कुणी शिंकलं तरी हात छातीवर जायचा. मंडळ चालवणारे पंजाबराव सर, त्यांची मुलगी वैभवी समोरच्या खुर्चीवरून तिला चिडवायची, “तुले भूकंपाच्या कामात कोनं घेतलं वं? तू सोताच दिवसातून चारदा हादरते.”

काम मात्र सुचिताचंच होतं आणि ती ते जीव लावून करायची. नेपाळात भूकंप झाला, डोंगरातल्या एका वस्तीची शाळा जमीनदोस्त झाली. ती पुन्हा उभी करायला आपल्याकडून हात पाठवायचे ठरले. जवळच्या तांड्यातली माणसं अर्धं वर्ष बाहेरगावी बांधकामावर असतातच. त्यातले सहाजण महिनाभर फुकट राबायला तयार झाले. राजपाल मिस्त्री, त्याची बायको चंदा, किशन, लखमा, रतनसिंग आणि दिनेश. “पुण्यात लय इमारती बांधल्या बाप्पा,” राजपाल म्हणाला होता, “आता पुण्याची एक बांधू.”

तिकिटं, परवानग्या, औषधं, सिमेंट, सगळं सुचिता इथून बघायची. आणि रोज एक वाजता राजपालच्या फोनवर हजेरी. सहाही जण बोलले की तिकडचं काम बघणाऱ्या काठमांडूच्या संस्थेला दोन शब्द पाठवायचे: ‘सर्व सुखरूप’. ते दोन शब्द गेले नाहीत तर खालच्या बाजारातून जीप वर बघायला जाणार. गेले, तर कुणी फिरकणार नाही. शाळा वस्तीपासून दूर, उंच टेकाडावर. कुणी सहज डोकावेल अशी जागाच नव्हती ती.

हजेरीतली हाकांची रीत मात्र राजपालच्या आईची, रुपाबाईची. निघायच्या दिवशी प्लॅटफॉर्मवर तिनं सहाही जणांना दम भरला होता. “जिथं घरंच्या घरं मानसावर पडली, तिथं कोनी पह्यल्या हाकेले ओ देऊ नोका. जीव गेला तरी देऊ नोका.” मग सुचिताचं मनगट धरून म्हणाली, “आन तू वं पोरी, दर खेपी नाव तीनदा घेत जाय. पह्यली हाक वाऱ्याची, दुसरी बाहेरच्याची, तिसरी मानसाची. बाहेरच्याले तिसरी मारता येत नाई.”

पंजाबराव सर हसले. सुचिता हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. आणि रीत कामाचीही निघाली. तिथल्या डोंगरात पहिल्या दोन हाका तशाही हवेतच विरायच्या. चंदाकाकू... चंदाकाकू... चंदाकाकू! मग पलीकडून खणखणीत यायचं, “ओ वं माय! जिवंत हाओ!”

मंगळवारी आलं ते नुसतं “ओ.” चंदाकाकूचं, मग किशनचं, मग बाकीच्यांचं. एक हाक, एक ओ. हजेरी दोन मिनिटांत संपली. सर खूष झाले.

बुधवारी तर नाव पुरतं तोंडातून निघायचीही वाट कुणी पाहिली नाही.

“चं...”

“ओ.”

सुचितानं कान टवकारले. एरवी फोनमध्ये कोंबड्या ओरडायच्या, राजपाल दिनेशच्या नावानं शंख करायचा, थापीचा आवाज यायचा. आज काहीच नव्हतं. फक्त प्रत्येक ओ नंतर बारीक माती घरंगळल्यासारखं काहीतरी... सर्रर्र... आणि मग शांतता.

“काकू, जेवलात का?”

“ओ.”

“पाऊस आहे का तिकडं?”

“ओ.”

“अहो काकू, बोला ना काही...”

“ओ.”

“रेंज नसेल बेटा,” पंजाबराव म्हणाले, “आवाज तर आला ना सगळ्यांचा? मग पाठव.” आणि तिनं पाठवलं. सर्व सुखरूप. या गोष्टीसाठी ती पुढं कधीही स्वतःला माफ करणार नव्हती.

गुरुवारी ऊन रखरखत होतं. कापणीला आलेल्या सोयाबीनचा कोरडा वास खिडकीतून येत होता. समोर वैभवी सर्दीनं बेजार, नाकातोंडावर रुमाल धरून बसलेली. सुचितानं फोन स्पीकरवर टाकला. घंटी वाजलीच नाही. पलीकडून कुणीतरी आधीपासूनच कान लावून बसल्यासारखं झालं. यादीतलं पहिलं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, समोर बघत हळूच म्हणाली,

“वैभवी...”

“ओ.”

फोनमधून. चोंदलेल्या नाकाचा, थोडा घोगरा, वैभवीचा आवाज. आणि वैभवी तर समोर रुमालाआड तोंड मिटून बसलेली. तिचे डोळे तेवढे मोठे होत गेले.

माती घरंगळली. सर्रर्र...

सरांनी झडप घालून फोन बंद केला. “बस... आता कोणाचंच नाव घेऊ नको. एकाचंही नाही.”

“घेणार,” सुचिता म्हणाली.

“अगं, ऐकलंस ना तू काय...”

“ऐकलं, म्हणूनच सांगते. मंगळवारपासून पहिल्या हाकेला ओ येते. ओ आली की मी पुढचं नाव घेते. म्हणजे तीन दिवस झाले सर, तिसरी हाक कुणाला गेलीच नाही.” ती थांबली नाही. “आपली माणसं तिसरीशिवाय तोंड उघडणार नाहीत. कुठं असतील तिथं वाट बघत असतील. आणि आपण इकडं सर्व सुखरूप लिहितोय!”

“आवाज तर सहाही आले होते...”

“आवाज हजर आहेत सर. माणसं गैरहजर आहेत.”

तिनं वही ओढली आणि सहा नावांपुढं एकेक करून शब्द लिहिला. गैरहजर. गैरहजर. गैरहजर. बाहेरून मालगाडी गेली, कपाट खडाखडा वाजलं. वैभवीनं छातीवर हात ठेवला. सुचिता लिहीत होती.

त्या दिवशी काठमांडूला ‘सर्व सुखरूप’ गेलं नाही, आणि जीप वर पोचेपर्यंत पाच वाजले. जीपवाल्यानं स्वतःच्या फोनवरून फोन केला. पाऊस सोमवारी रात्रीच येऊन गेला होता, तो म्हणाला. खालच्या वस्तीला वाटलं, ही माणसं कधीच उतरून गेली असतील.

“दीदी, शाला तो खड़ी है... पर बगल में वो पत्थर की कोठरी, जिसमें आपके लोग सोते थे... उसके ऊपर पूरा पहाड़ आ गया है.” तो धापा टाकत होता. “राजपालजी का फोन मिला है. कीचड़ में. दो टुकड़े... बैटरी अलग पड़ी है.”

त्याच नंबरावर सुचिता आज दुपारी एक वाजता बोलली होती.

“भैया, स्पीकर चालू करो,” ती म्हणाली. “और फोन मिट्टी की तरफ पकड़ो. एकदम पास.”

“पोरी...” पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. “तीन दिवस झाले गं.”

“मग तीन हाका.”

ती उभी राहिली. टेबलाची कड धरली. मग पोटातून आवाज काढला.

“चंदाकाकू...!”

“ओ.” “ओ.” “ओ.” सहाही आवाज एकदमच उसळले, एकात एक मिसळलेले, आणि त्यांच्या मागोमाग सातवा, सर्दीचा. वैभवी खुर्चीतून उठून भिंतीला चिकटली. पलीकडं जीपवाला देवाचं नाव पुटपुटू लागला.

“भैया, भागना मत!” सुचिता ओरडली. आणि मग, जिनं आयुष्यात कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं ती पोरगी, त्या मातीवर कडाडली, “तुमाले कोनं बोलावलं? ज्याले तिसरी हाक मारता येत नाई, त्यानं चूप बसावं! माही हजेरी हाये हे! माही मानसं हायेत!”

फोन गप्प झाला. माती घरंगळायची थांबली.

तिनं श्वास घेतला. दुसरी हाक ओठांवर आली, पण तिनं तोंड उघडायच्या आत तिकडूनच, टेकाडावरून, तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात आली...

“चंदाकाकू...”

टेबलाची कड सुचिताच्या तळहातात रुतली. जे तिच्या आवाजात बोलत होतं, ते आता तिसऱ्या हाकेसाठी जोर लावतंय असं तिला वाटलं... चं... चं... घशात माती अडकल्यासारखं. पुढं सरकेना.

“नाही जमायचं तुला,” ती पुटपुटली. आणि छातीत होता नव्हता तेवढा जीव एकवटून तिनं हाक मारली.

“चंदाकाकूऽऽ!”

काहीच नाही. स्टेशनवर घंटा झाली. कुठंतरी कुत्रं भुंकलं. सरांनी मान खाली घातली.

मग फोनमधून, खूप खालून, दगडांच्या फटीतून वाट काढत, कोरड्या पडलेल्या घशाचा, चिडलेला, अगदी ओळखीचा आवाज आला.

“ओ... ओ वं माय! जिवंत हाओ, सहाच्या सहा. आयकलं, आता तीनदा आयकलं... पन आधी त्या दुसरीले चूप कर. तीन रातीपासून आमच्यात बसून, तुह्याच आवाजात हाका मारून राह्यली... दर खेपी दोनच.”