दोन मीटर बारा

हे खरंच घडलंय. डोळ्यांपेक्षा माझा आकड्यांवर जास्त विश्वास आहे, आणि ते आकडे अजून माझ्याकडे आहेत.

त्या गुरुवारी सकाळी बाबा खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसले होते. मी कपाटावरचा सेन्सर पुसत होते.

"तुझा हेर मला दाढी न केलेला बघतो का गं?"

"चेहरा दिसतच नाही, बाबा. नुसतं अंतर कळतं."

"मग ठीक. नाहीतर कंपनीत अब्रू जायची."

मी हसत चपला घातल्या आणि ऑफिसला गेले.

घरी एकटं असलेलं म्हातारं माणूस पडलं की घरच्यांना कळवायचं, असं यंत्र आम्ही बनवत होतो. चाचणी बाबांच्या खोलीत. दोन पद्धतींतून एक निवडायची होती. एकीत दोन कॅमेरे डोळ्यांसारखे बघतात आणि दोन चित्रांतल्या फरकावरून अंतर काढतात. दुसरी प्रकाश सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. त्या दिवशी दुसरी चालू होती.

शिवाय मी लिहिलेला एक नियम. वीस मिनिटं जे जागचं हललं नाही, ते सामान समजून चित्रातून वगळायचं. एकदा वगळलं की वगळलं, मग ते हललं तरी.

साडेचारला माझ्या स्क्रीनवर ओळ आली...

खोली रिकामी.

फिरायला गेले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

सातला घरी पोचले. बाबा खुर्चीतच होते. हात गार पडले होते.

दादाला मी सांगितलं, यंत्र बंद होतं.

तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या प्रोफेसरचा फोन आला. उठसूट व्याख्यान देतो म्हणून आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो.

"दोन डोळे की घड्याळ, ठरव बाई एकदाचं. सोमवारी चाळीस घरांची ऑर्डर जातेय."

दोष घड्याळाच्या पद्धतीवर ढकलला, की माझा नियम कोणी उघडून बघणार नव्हतं. पण पद्धत कुठलीही निवडली, तरी तो नियम चाळीस घरांत जाणार होता.

भर दुपारी मी दोन्ही सेन्सर कपाटावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन कॅमेऱ्यांना खुर्चीची पाठ दिसली. दोन मीटर चाळीस. खुर्ची रिकामी.

दुसऱ्याला...

दोन मीटर बारा.

म्हणजे पाठीच्या अठ्ठावीस सेंटीमीटर अलीकडे. माणूस टेकून बसला, तर त्याची छाती जिथे येते तिथे.

मी प्रोफेसरला फोन लावला.

"काचेवरून उलटा येत असेल प्रकाश. पडदा ओढ. आणि दोन घास खाऊन घे आधी."

पडदा ओढला.

दोन मीटर बारा.

भिंग पुसलं. मग खुर्चीच ओढत बाहेर नेऊन ठेवली.

स्क्रीनवर माणसाची आकृती तशीच होती. गुडघे वाकवून... कशावरच न बसलेली.

मी माझा नियम चालू केला. पंखा बंद केला. वीस मिनिटं लॅपटॉप मांडीवर घेऊन, सेन्सरच्या टप्प्याबाहेर, पलंगावर बसून राहिले. बाहेरच्या खोलीत फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा माझा श्वास मलाच ऐकू आला.

खोली रिकामी, अशी ओळ आली.

सुटले, असं वाटलं.

पण न गाळलेलं चित्र शेजारच्या चौकटीत चालूच होतं. त्यात आकृतीचा उजवा हात सावकाश वर झाला... थांबला... आणि खाली आला.

मी त्या गुरुवारची मूळ नोंद उघडली. तोपर्यंत मी तिला हातच लावला नव्हता.

चार वाजून चाळीस मिनिटं. तोच हात. तेवढाच वर.

पाच वाजता पुन्हा.

सहाच्या आधी, शेवटचा.

मी झटकन उठले. लॅपटॉप हातात, पाठ कपाटाला टेकलेली. आकडा बदलला होता.

एक मीटर सत्तर.

एक मीटर दहा...

समोर कोणीच नव्हतं.

चाळीस सेंटीमीटर.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "यंत्र चालू होतं. खोली रिकामी आहे असं त्यानं मला सांगितलं. आणि एक फोन करून बघायचा मला कंटाळा आला."