आठव्या महिन्याचा शिवदोरा

"ही साडी नेस! अन् शिल्पाला बघाया येणाऱ्या पाहुण्यांनी इचारलं तर सांग, सोभावाचा आजार हाय म्हणून!" वडिलांनी, ईश्वरप्पांनी, आपल्या कापड-शिलाईच्या दुकानातून आणलेली मोरपंखी साडी पलंगावर टाकली.

मृत्युंजय हलला नाही. उदगीरच्या या घरात त्याला अजून जन्मनावानं मंजुषाच म्हणत, धाकटी बहीण शिल्पा 'अक्का' म्हणे. आणि लातूरच्या ज्या वर्गात तो गणित शिकवी, तिथं मात्र तो सगळ्यांचा 'सर' होता. चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत कागदावर लिहून दिलं होतं, व्यक्तिमत्त्वाचा विकार! अप्पांना केवढा आधार वाटला होता त्या कागदाचा! आजारी लेकीची लोक कीव करतात, तिला नावं ठेवत नाहीत... आणि शिल्पाचं लग्न अडू नये म्हणून त्यानंही तो शिक्का मुकाट्यानं कपाळी लावून घेतला, गोळ्या गिळल्या, आतल्या आत तीळ तीळ तुटत राहिला. पण आज? आज नाही!

"नेसणार न्हाई, अप्पा. अन् खोटंही सांगणार न्हाई."

"बघ, हाच तो आजार! हट्ट, संताप..."

"संताप हाय. आजार न्हाई." त्यानं साडी बाजूला सारली. "लातूरच्या डॉक्टरबाईंनी पाच महिने माझं ऐकून घेतलं, गोळ्याही त्यांनीच हळूहळू बंद केल्या. सोभावाच्या विकारात माणसांशी वागायची रीतच वर्षानुवर्षं अडखळती, घरी, दारी, कामावर. तो असता तर लाज न्हवती, इलाज केला असता. पण माझं दुखणं एकाच जागी हाय. देह म्हणतो बाई, आतला जीव म्हणतो बाप्या. जिथं मला सर म्हणतात, तिथं जाऊन इचारा, मी कधी आवाज चढवला का!"

"मला न्हाई कळत ही डॉक्टरकी!"

"कापड तर कळतं? ताग्यात खोट असली तर ती जागोजागी दिसती. अन् चांगलं कापड दुसऱ्याच्या मापानं शिवलं तर ते काचतं... त्यात कापडाचा काय गुन्हा, अप्पा?"

ईश्वरप्पा स्वयंपाकघराकडं वळून ओरडले, "गुरम्मा, समजाव तुझ्या लेकीला!"

गुरम्मा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिनं मृत्युंजयच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी अलगद तळहातावर घेतली. त्याच्या वेळी पोटुशी असताना, लिंगायतांच्या रीतीनं स्वामींनी आठव्या महिन्यात पोटातल्या जीवाच्या नावानं तिच्याच अंगावर शिवदोऱ्यानं बांधलेलं ते लिंग! तिच्या ओठांवर तेव्हाची ओवी आली...

"आठव्या महिन्यामंदी शिवदोरा बांधियेला,
आत कोण हाय, कुणी न्हाई पुसियेला!"

"शिवानं इचारलं न्हाई, पोरगा का पोरगी," ती नवऱ्याकडं वळली. "मग तुम्ही का इचारता?"

एवढ्यात दारात जीप थांबली. निलंग्याचे पाहुणे! मृत्युंजयचा सगळा ताठा एका क्षणात विरघळला. शिल्पाचं सुख... त्यानं पिशवी उचलली. "मी मागच्या दारानं जातो, अव्वा," तो आईला म्हणाला.

पण मागच्या दारात शिल्पा उभी होती, डोळे भरलेले. "माझ्यापायी चार वर्षं आजारी झालास! अजून किती होणार? ज्या घरात तू चालत न्हाईस, त्या घरात मी कशाला नांदू?" आणि त्याचा हात धरून ती थेट ओसरीवर गेली. "पाहुणे, हा माझा अण्णा."

वराचे वडील बसलिंगप्पा गोंधळले. "पण तुम्ही तर म्हणला व्हता, थोरली लेक हाय, जरा आजारी..."

साऱ्यांचे डोळे ईश्वरप्पांकडं वळले. ते उठले. त्यांनी मृत्युंजयच्या शर्टाची खांद्यावरची शिवण चाचपली, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची चाचपली तशीच... आणि म्हणाले,

"आजारी कुणी न्हाई, बसलिंगप्पा. चूक मापाची व्हती, माझी. आन् तू रे, खांद्यात किती तंग हाय हे! उद्या दुकानात ये. पाहुण्यांम्होरं घरच्या थोरल्या लेकानं असं यावं व्हय?"